हाताखालचं भौतिकशास्त्र

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले तेव्हा त्यांचं वय जेमतेम तीस होतं. त्यांची घडण बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे झाली होती. केंब्रिजच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने स्फटिकांची लवचिकता अभ्यासली होती. त्या सुमारास स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला येऊन गेले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून कुणालाच समाधानकारक मांडता आलेली नाही. रामचंद्रनांनी ते मनावर घेतलं. मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडं कमावण्याचं शास्त्र जिथे चालतं तिथे कोलॅजेनची उणीव नसते. तिथून त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचं कोलॅजेन मिळवलं, त्यावर क्ष-किरण सोडले, आणि १९५४ साली गोपीनाथ कार्था यांच्यासह ‘नेचर’मध्ये लिहिलं की या प्रथिनात तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. पुढे बारकाव्यांवर वाद झाले आणि दुरुस्त्याही झाल्या, पण तीन पदरांचं मूळ चित्र टिकलं.

मालीश शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना मी इथून सुरू करतो, याला कारण आहे. आपल्या शरीरात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन कोलॅजेनच. कातडी, कंडरा, अस्थिबंध आणि स्नायूंवरची ती पांढुरकी आवरणं, ज्यांना आज सगळे फॅशिया म्हणतात, ही सगळी मुख्यतः त्याचीच बनलेली असतात. मालीश करणाऱ्याच्या हाताखाली दिवसभर जे येतं, त्याची रचना एका भौतिकशास्त्रज्ञाने चामड्याच्या संस्थेतून नमुना आणून उलगडली. ज्ञानशाखांच्या भिंतींबद्दल आपण परिसंवादांतून पुष्कळ बोलतो. त्या भिंती खरोखर कशा ओलांडल्या जातात, हे मला या एका हकिकतीत जास्त स्पष्ट दिसतं. रामचंद्रनांनी आपलं कसब सोडलं नाही. प्रश्न मात्र त्यांनी दुसऱ्याच्या दारात जाऊन घेतला, आणि नमुना तिसऱ्याकडून.

या पुस्तकाच्या लेखिका फिजिओथेरपिस्ट आहेत. अनेक वर्षं त्या मालीश शिकवण्याचा वर्ग चालवतात, आणि बल, दाब, घर्षण, उष्णता हा भाग शिकवायला मी तिथे जातो. वर्गात बारावी झालेल्या मुली असतात, कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेले पोरगे असतात, आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालण्यात उभं आयुष्य गेलेल्या मावशीही असतात. त्यांना सूत्रं पाठ करायला लावण्यात मला रस नाही. त्यांच्या हाताला जे कळतं ते मोजता येईल का, आणि मोजल्यावर त्यांच्याच कामात त्याचा उपयोग होईल का, हे पाहण्यात आहे.

सुरुवात आम्ही घरगुती वजनकाट्यापासून करतो. काटा मालीशच्या टेबलावर ठेवायचा आणि त्यावर तळहाताने दाबायचं. आकडा दहा किलोवर स्थिर झाला की बल सुमारे १०० न्यूटन होतं. तळहाताचं टेकलेलं क्षेत्र सुमारे १०० चौरस सेंटिमीटर धरलं तर दाब येतो १० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत ७५ मिलिमीटर. आता अंगठ्याच्या टोकाने फक्त तीन किलोचा भार द्यायचा. टेकलेलं क्षेत्र तीन चौरस सेंटिमीटर धरलं तर दाब होतो १०० किलोपास्कल, जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका. जोर तिसऱ्या हिश्श्याहून कमी आणि दाब दहापट! हे गणित सातवीतल्या मुलालाही येतं. तरीही वर्गात ते पहिल्यांदा मांडलं की खोली शांत होते, कारण ‘मी तर हळूच दाबलं होतं’ या वाक्याचा अर्थ प्रत्येकाला एकदम कळलेला असतो. कोपराने दाबताना म्हाताऱ्या माणसाची कातडी का काळीनिळी पडते, हे त्यानंतर निराळं सांगावं लागत नाही.

पाऱ्याचे ते ७५ मिलिमीटर मी मुद्दाम काढून दाखवतो. रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या आसपास असतो, तर हातापायाच्या शिरांमधला, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब आडवं झोपलेलं असताना फारच कमी असतो. मग दहा किलोच्या तळहाताखाली काय होईल? वरवरच्या शिरा दबतील, धमन्या वाहत्या राहतील. हात उचलला की शिरा पुन्हा भरतील. एवढं समजलं की ‘मालिशने रक्ताभिसरण वाढतं’ हे वाक्य तितकं सरळ राहत नाही. ते कुठे वाढतं, किती वेळ वाढतं, आणि दाबलेलं असताना की सोडल्यावर, हे विचारावंच लागतं.

कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाने २०१० साली नेमकं हेच विचारलं. जोरदार व्यायामानंतर मालीश केलं तर स्नायूंतलं लॅक्टिक आम्ल लवकर धुऊन निघतं, असं जगभरच्या प्रशिक्षकांच्या तोंडी होतं. हाताचा जोरकस व्यायाम देऊन त्यांनी मोजलं तर उलटच निघालं. मालीश चालू असताना रक्तप्रवाहात यांत्रिक अडथळा येत होता आणि आम्ल निघून जाण्याचं काम मंदावत होतं. दोन वर्षांनी मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालीश केलं आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टिक आम्लात फरक नव्हता. मालीश झालेल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत मात्र कमी होते, आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नव्याने घडवण्याचे संकेत वाढलेले होते. अकरा माणसांवरच्या प्रयोगाने प्रकरण निकालात निघत नाही, हे मी वर्गात ठासून सांगतो. तरी एवढं लक्षात घ्यावं की एक जुनं स्पष्टीकरण पडलं, आणि त्याच्या जागी जे दिसलं ते जास्त विलक्षण होतं. बाहेरून दिलेला दाब पेशीच्या आत जाऊन जनुकांच्या कारभारात हात घालतो!

सगळ्यात कडू घास फॅशियाचा. या विषयावर माझी मतं ठाम आहेत, आणि लेखिकेने ती पुस्तकात येऊ दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आयडा रॉल्फ यांनी १९२० साली कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनात डॉक्टरेट मिळवली आणि रॉकफेलर संस्थेत संशोधन केलं. त्या काळी बाईने हे करणं ही मोठी गोष्ट होती. पुढे त्यांनी हाताने खोल दाब देऊन शरीराची ठेवण बदलण्याची स्वतःची पद्धत उभी केली. त्यामागचा त्यांचा विचार असा होता की दाबाने आणि उबेने फॅशियातला घट्ट झालेला भाग सैल, प्रवाही होतो. कल्पना एका रसायनशास्त्रज्ञाला शोभणारी होती आणि तपासता येण्याजोगीही होती. पुढे ती तपासली गेली. २००८ साली अमेरिकेतल्या एका गटाने मांडीच्या बाहेरच्या बाजूची जाड आवरणपट्टी आणि तळपायाचा फॅशिया यांचं त्रिमितीय गणिती प्रारूप मांडलं. या पट्ट्या एक टक्का तरी दाबायच्या किंवा एक टक्का सरकवायच्या तर किती बल लागेल, हे त्यांनी काढलं. उत्तर शेकडो किलोंमध्ये आलं, माणसाच्या हाताच्या आवाक्याच्या कितीतरी बाहेर. नाकावरच्या मऊ आवरणासारखी पातळ ऊती तेवढी हाताला दाद देऊ शकते, असंही त्यात निघालं.

रामचंद्रनांच्या तीन पदरांची आठवण इथे ठेवली तर या उत्तराचं नवल वाटत नाही. कोलॅजेन ताणाला टिकावं म्हणूनच निसर्गाने असं वळलं आहे. ते अंगठ्याने वितळत असतं तर जिना उतरताना आपले गुडघे जागेवर राहिले नसते.

हे ऐकून काही अनुभवी मालीशवाले दुखावतात. ‘मग आमच्या हाताखाली गाठ सुटते ती काय खोटी?’ असं ते विचारतात. गाठ सुटल्याची जाणीव खरी असते, रुग्णाला बरं वाटतं तेही खरं असतं. प्रश्न फक्त कारणाचा आहे. पट्टी तेवढीच ताठ राहूनही तिच्याखालचा स्नायू सैल पडू शकतो, कारण त्याला आवळून धरणारी आज्ञा मज्जासंस्थेकडून येते. ताण सोसण्याची आपली मर्यादा काही वेळ वाढू शकते. फॅशियाचे थर एकमेकांवर घसरण्यात फरक पडतो का, हेही शोधलं जातं आहे. मला आग्रह एवढाच धरायचा आहे की रुग्णाला सांगितलं जाणारं कारण खरं असावं. ‘तुमचा फॅशिया चिकटला होता, तो मी सोडवला’ असं ऐकलेला माणूस आपल्या शरीराबद्दल एक भीती घरी घेऊन जातो आणि दर आठवड्याला ती सोडवून घ्यायला परत येतो. मालीश झाल्यावर ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतील, पाणी प्या’ म्हणणंही याच जातीचं. पाणी जरूर द्यावं. मूत्रपिंडाचं श्रेय मात्र स्वतःकडे घेऊ नये.

खोल दाब खोल कसा पोचतो, याचं उत्तर हाइनरिश हर्ट्‌झ यांच्याकडे मिळतं. विद्युतचुंबकीय लहरींमुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी, पंचविशीच्या आतबाहेर असताना, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्‌झ यांचे साहाय्यक म्हणून काम करताना त्यांनी दोन लवचिक वस्तू एकमेकींवर दाबल्या की आत ताण कसा पसरतो याचा सिद्धान्त लिहिला. त्यातून असं दिसतं की गोल टोकाने दाबलं तर सरकवणारा ताण सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागावर नसून थोडा आत, टेकलेल्या वर्तुळाच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या खोलीवर. हर्ट्‌झ काचेच्या भिंगांचा विचार करत होते. मांस काचेसारखं वागत नाही, ते वेळेनुसार नमतं आणि प्रत्येक थरात निराळं असतं. तरी शिकणाऱ्याला यातून एक व्यवहाराची गोष्ट मिळते. खोल जायचं तर टेकण्याचं क्षेत्र मोठं हवं आणि वेळ द्यायला हवा. अंगठा रुतवला की दुखतं ते बहुधा वरच्या वरच. तालमीतले वस्ताद कुस्तीनंतर पठ्ठ्याच्या पाठीवर पोटऱ्या आणि टाचा वापरतात, केरळात कळरी या युद्धकलेच्या परंपरेत दोराला धरून तळपायाने अंग रगडतात, त्यामागे हीच समज आहे. ती गणिताआधी कितीतरी शतकं हातापायांना आली होती.

आता स्पर्शाकडे येतो, कारण या पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. हेल्महोल्ट्‌झ मुळात लष्करी डॉक्टर होते. १८५० च्या सुमारास बेडकाच्या चेतातंतूतून संदेश किती वेगाने धावतो हे त्यांनी मोजलं, तेव्हा तो सेकंदाला पंचवीस-तीस मीटर निघाला. त्याआधी अनेकांना तो वेग मोजण्यापलीकडचा वाटत होता. पुढे हा डॉक्टर बर्लिनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. आज आपल्याला माहीत आहे की त्वचेतून निघणारे सगळे संदेश सारख्या वेगाने जात नाहीत. केसाळ त्वचेत काही अतिशय बारीक तंतू असतात, त्यांच्यातून संदेश सेकंदाला केवळ एखादा मीटर सरकतो. पायावरून निघालेला निरोप मेंदूपर्यंत पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. इतक्या मंद तंतूंचं काम काय? स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांमध्ये हे तंतू अभ्यासले. २००९ साली त्यांनी दाखवलं की मऊ ब्रश त्वचेवरून सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरवला तरच हे तंतू भरभरून बोलतात. त्याहून सावकाश किंवा त्याहून झरझर फिरवला की गप्प होत जातात. लोकांना विचारलं की कोणता स्पर्श सुखाचा वाटला, तर त्यांची पसंतीही त्याच वेगांवर येऊन थांबली. ब्रशचं तापमान त्वचेइतकं, ३२ अंशांच्या आसपास असेल तर तंतूंचा प्रतिसाद सर्वांत चांगला, हेही नंतर कळलं. तेल कोमट करून घ्या, हात चोळून ऊब आणा, घाई करू नका, हे सांगणाऱ्या कुठल्याही आजीला हा आलेख दाखवावा.

दाब जाणवतो तो कोणत्या रेणूमुळे, हे तर अगदी अलीकडे उलगडलं. कॅलिफोर्नियात आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या सूक्ष्म नळीने टोचल्यावर विद्युतसंदेश देणाऱ्या पेशी सापडल्या. त्यांतली ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करत गेल्यावर पीएझो-१ हे प्रथिन हाती लागलं, पाठोपाठ पीएझो-२. हे २०१० साली प्रसिद्ध झालं आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं. पेशीच्या पटलावर ताण आला की हे प्रथिन दार उघडतं, आयन आत शिरतात आणि संदेश निघतो. यांत्रिक बलाचं विजेत रूपांतर आपल्या प्रत्येक बोटाच्या टोकाशी चालू असतं, आणि त्याचं यंत्र माझ्या विद्यार्थिदशेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्पर्शाचे परिणाम रेणूंच्या पलीकडे, तराजूवरही दिसतात. मायामीमध्ये टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस त्या बाळांना हाताने चोळलं आणि त्यांचे हातपाय हलवले. मालीश न मिळालेल्या बाळांपेक्षा त्यांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. पुढच्या अभ्यासांत एक बारीक पण मोलाची गोष्ट पुढे आली. फार हलका, गुदगुल्या होतील असा स्पर्श उपयोगी पडत नव्हता, मध्यम दाब लागत होता. आता वाचकांनी मघाशी सांगितलेले मंद तंतू आठवावेत. त्यांना तर हळुवार स्पर्श आवडतो. मग बाळाचं वजन वाढतं ते या तंतूंमुळे की आणखी कुठल्या मार्गाने? याचा तिढा अजून सुटलेला नाही. विद्यार्थ्यांसमोर असे न सुटलेले तिढेही ठेवावेत, असं लेखिकेचं आणि माझं एकमत आहे.

आमच्या वर्गातल्या मावशींना मायामीचे आकडे सांगितल्यावर त्यांना फारसं आश्चर्य वाटत नाही. पण त्यांच्याही काही सवयी सोडायला लावाव्या लागतात. नवजात बाळाचं नाक चिमटीत धरून सरळ करणं, छाती पिळणं, नाकाकानात तेल सोडणं, यांनी इजा होते, संसर्ग होतो. लेखिकेने हे ज्या मायेने आणि ज्या ठामपणाने लिहिलं आहे तसं मी कुठे वाचलेलं नाही. पोटरी एकाएकी सुजली असेल, लाल आणि दुखरी असेल तर तिला हात न लावता आधी डॉक्टरकडे पाठवावं, आत रक्ताची गुठळी असू शकते, हा इशाराही पुस्तकात वारंवार येतो. तो वारंवार यायलाच हवा.

‘ऊर्जा’ या शब्दाबद्दल मला थोडक्यात लिहायचं आहे. हातातून ऊर्जा वाहते, रुग्णाभोवतीचं क्षेत्र हाताला जाणवतं, असं शिकवणारे अभ्यासक्रम जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी हे तपासलं. पुठ्ठ्याच्या पडद्याआड तिने आपला हात उपचारकाच्या एका हातावर धरायचा, आणि तो कोणत्या हातावर आहे हे उपचारकाने ओळखायचं. २१ जणांनी मिळून २८० वेळा प्रयत्न केला, त्यातली ४४ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून याहून बरं जमलं असतं. १९९८ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात तो लेख आला. या पुस्तकात ऊर्जा हा शब्द ज्यूलमध्ये मोजता येईल अशाच अर्थाने वापरला आहे. माझ्या विषयाचा मान राखल्याबद्दल मी आभारी आहे.

आंतरविद्याशाखीय काम करायला निघालेले तरुण माझ्याकडे येतात तेव्हा मोशे फेल्डनक्राइस यांचं आयुष्य त्यांना सांगावंसं वाटतं. त्यांनी पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकून फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केलं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची भेट झाल्यावर ते युरोपातल्या ज्युदोच्या पहिल्या शिक्षकांपैकी एक झाले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसजवळ येत असताना ते इंग्लंडला पोचले आणि ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याच्या तंत्रावर काम केलं. त्यांचा गुडघा जुन्या दुखापतीने निकामी होत चालला होता. शस्त्रक्रिया टाळून त्यांनी स्वतःच्या हालचालींचा एखाद्या यंत्रणेसारखा अभ्यास केला, आणि त्यातून हालचाल व स्पर्श यांवर उभी असलेली त्यांची पद्धत जन्मली. त्या पद्धतीच्या सगळ्या दाव्यांना भक्कम पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. पण विद्यापीठाच्या वाटेवरून असा माणूस बाहेर पडला तो पडलाच. त्याच्या प्रश्नांना भौतिकशास्त्राच्या विभागात जागा नव्हती, आणि वैद्यकाच्या विभागात त्याला स्वतःला.

ती जागा आज तरी आहे का? ऑस्ट्रेलियात पाच वर्षांच्या अठरा हजारांहून अधिक संशोधन-प्रस्तावांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली ‘नेचर’मध्ये आला. प्रस्ताव जितके जास्त शाखांमध्ये पसरलेले, तितकी त्यांना पैसे मिळण्याची शक्यता कमी होती. आपल्याकडे धोरणांच्या कागदांवर बहुविद्याशाखीय हा शब्द पानोपानी आहे. मुलाखतीच्या खोलीत मात्र विचारलं जातं की तुमची पदवी ‘संबंधित’ विषयातली आहे का. माझ्या एका विद्यार्थ्याने त्वचा आणि तेल यांच्यातल्या घर्षणावर चांगलं काम केलं. भौतिकशास्त्राच्या निवड समितीला ते वैद्यक वाटलं, आणि आरोग्यविज्ञानाच्या समितीला त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नसल्याचं दिसलं. तो आता एका कंपनीत आहे, तिथे त्याला पगार बरा मिळतो आणि प्रश्न दुसरेच लोक देतात. अशा माणसांना आपण गमावतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे बदलता येतं, याची उदाहरणं आपल्याच घरात आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्था अणू-कणांच्या अभ्यासासाठी नावाजलेली असताना होमी भाभांनी १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांना तिथे रेणवीय जीवशास्त्राचा गट उभारायला बोलावलं. पुढे बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यातूनच उभं राहिलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि नौली ही योगक्रिया करताना पोटाच्या आतला दाब किती खाली उतरतो हे उपकरणं लावून मोजलं. योगाला विज्ञानाची शाल पांघरण्यापेक्षा त्यांना मोजमाप हवं होतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. कामाला वेळ आणि खोली मिळाली, आणि पाच वर्षांत निबंध किती, हे कुणी विचारलं नाही.

तरुणांना माझा सल्ला जुनाट वाटेल. आधी एका विषयात खोल जा, इतकं की त्यातली चूक वासावरून ओळखता यावी. मग दुसऱ्याच्या कामाच्या जागी विद्यार्थी म्हणून जाऊन बसा आणि तिथला कंटाळाही सोसा. तुमचा निबंध अशा ठिकाणी छापायला पाठवा जिथे त्या दुसऱ्या विषयाचे लोक तो फाडून काढू शकतील. मालीशवर भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात लिहिणं सोपं आहे, तिथे मालीश कुणालाच येत नसतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट आपण बोलायला टाळतो. मालीश हे आपल्याकडे हलकं काम मानलं गेलं. ते कुणी करायचं हे जातीने ठरलं, बाळंतिणीच्या खोलीत ते बाईने करायचं, आणि मोबदला म्हणजे पातळ, नारळ आणि मूठभर पैसे. दुसऱ्याच्या अंगाला हात लावणाऱ्याचं ज्ञान ज्ञान म्हणून मोजलंच गेलं नाही. इंग्लंडमध्येही मालीशच्या नावावर भलते धंदे चालत, आणि १८९४ साली त्याची वर्तमानपत्री बोंब झाली तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. परीक्षा घेतल्या, कडक नियम घातले. तीच पुढे फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था झाली. मुंबईत १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलिओची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. व्यवसायाला पदवी आणि प्रतिष्ठा आली. त्याच वाटेवर यंत्रं आणि व्यायाम पुढे सरकले, हाताने चोळण्याचं शिक्षण मागे पडत गेलं. ज्या हातांपासून हे सगळं निघालं ते हात दाराबाहेर राहिले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मालीशचा परवाना मिळवायला पाचशे तास किंवा त्याहून जास्त शिक्षण लागतं, न्यूयॉर्कमध्ये हजार. आपल्या शहरांतल्या स्पामध्ये काम करणाऱ्या मुलीला काही दिवसांत जे दाखवलं जाईल तेवढ्यावर ती उभी राहते, आणि तिच्या अंगठ्यांची काळजी कुणीही करत नाही.

म्हणून या पुस्तकातलं सातवं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते मालीश करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल आहे. टेबलाची उंची, पायांमधलं अंतर, मनगट सरळ ठेवून दंडाऐवजी अंगाचा भार पुढे सोडणं, अंगठ्याला मागून दुसऱ्या हाताचा आधार देणं, हे सगळं त्यात आकृत्यांसह आहे. वाकलेल्या मनगटातून दहा किलोचा भार दिला की सांध्यावर केवढं परिबल येतं, हे तिथे हिशेबाने दाखवलं आहे. विद्यार्थी हे प्रकरण परीक्षेला येत नाही म्हणून वगळतील. शिकवणाऱ्यांनी ते पहिल्याच आठवड्यात घ्यावं. प्रत्येकाला काट्यावर एकदा दंडाच्या जोराने आणि एकदा अंगाच्या भाराने दहा किलो दाखवायला लावावं, आणि दोन्ही वेळा ते किती मिनिटं टिकवता आले ते पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या तक्त्यात लिहून घ्यावं. तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा भरावा. ज्यांची मिनिटं वाढली नाहीत त्यांना पुढचं तंत्र शिकवण्याआधी टेबलाची उंची तपासावी.